आक्कांच्या नावेचं ठिगळ

आमच्या ह्यांना हिरवा आणि तपकिरी यांतला फरक कळत नाही. ही गोष्ट त्यांनी अजून मान्य केलेली नाही. कुठं घोटाळा झाला की "उजेड कमी होता" म्हणतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांच्या आयुष्यात उजेड कमीच.

बेळगावच्या उद्यमबागेत आमचा फायबरचा कारखाना आहे. कारखाना हा शब्द पाटीवर आहे. प्रत्यक्षात पत्र्याची शेड आणि पुढं मोकळी जागा. पाण्याच्या टाक्या, बसचे बंपर, बागेतली बाकं, तलावातल्या नावा, गणपतीच्या देखाव्यातले हत्ती, जे फायबरचं असेल आणि मोडलं असेल ते आमच्याकडं येतं. सांधायचं काम ह्यांचं, आणि त्यात त्यांचा हात धरणारा मला अजून भेटलेला नाही. रंगाचं काम माझं. ते माझ्याकडं आलं खानापूरकडच्या एका शाळेमुळं.

त्या शाळेची हिरवी घसरगुंडी तडकली होती. ह्यांनी जाऊन ती झकास सांधली, वर रंगाचा थर दिला आणि घरी आले. चार दिवसांनी हेडमास्तरांचा फोन. "अहो, पोरं बसायला तयार नाहीत. म्हशीनं शेण टाकलंय म्हणतात." हे मला सोबत घेऊन गेले, बहुतेक उजेडाची साक्ष द्यायला. मी बघितलं. हिरव्यागार घसरगुंडीच्या ऐन मध्यावर शेणाचा पो पडला होता, आणि हे त्याच्याकडं बोट दाखवून म्हणत होते, "बघ की, तंतोतंत जुळलंय." मी इतकी हसले की हेडमास्तरांना पाणी मागवावं लागलं. त्या दिवसापासून रंगाचे डबे माझ्या टेबलावर आले. "तू जरा रंग बघत जा, मला इतर कामं असतात," एवढंच हे म्हणाले.

बाहेरच्या माणसाला वाटतं, रंगाचा डबा आणायचा, ब्रश मारायचा, संपलं. फायबरला तसा रंग मारत नाहीत. साच्यात सगळ्यात आधी एक घट्ट रंगीत थर लावतात, त्याला जेलकोट म्हणतात. त्याच्यावर काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन. साचा उलटा केला की पहिला थर सगळ्यात वर येतो. म्हणजे हा रंग अंगावरचा कपडा नव्हे, कातडी आहे. कपडा फाटला तर दुसरा मिळतो, कातडीला त्याच माणसाची कातडी लागते.

आणि ती कातडी म्हातारी होते. उन्हानं फिकटते, पांढरा पिवळसर पडतो, लाल गुलाबी होतो, वर खडूसारखी भुकटी साचते. गिऱ्हाईक म्हणतं, "कंपनीचा नंबर सांगतो, तोच रंग लावा." तो नंबर वस्तू नवी असतानाचा. लग्नातल्या फोटोवरून आजच्या नवऱ्याचा शर्ट शिवायला टाकण्यासारखं आहे ते. त्यातून ओला जेलकोट दिसतो एक आणि सुकल्यावर होतो दुसराच. हार्डनर घातला की आणखी बदलतो. म्हणून थेंब थेंब रंग घालायचा, जुन्या वस्तूवरच ठिपका देऊन सुकू द्यायचा, उन्हात नेऊन बघायचा, नाही जमला तर खरवडून पुन्हा. नीट जमलं तर कोणाला काही दिसत नाही, आणि मग गिऱ्हाईक पैसे देताना विचारतं, "तुम्ही नेमकं केलंत काय?"

तर एका हिवाळ्यात आमच्या दारात उसाच्या वाड्यानं भरलेला टेम्पो येऊन उभा राहिला. वाडं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांना घालतात. ह्यांनी ओरडून सांगितलं, "गोठा पुढच्या गल्लीत!" टेम्पोतून पन्नाशीचे, पांढऱ्या टोपीचे गृहस्थ उतरले. आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. मग वाडं बाजूला सारलं. खाली नाव होती. फायबरची, चांगली चार-पाच माणसं बसतील अशी, मोरपंखी रंगाची. म्हणजे एकेकाळी मोरपंखी. आता मोराला राखेत लोळवल्यासारखी झाली होती. आणि नाकाजवळ एका अंगाला ताटलीएवढं भोक.

हे भरमाण्णा. निपाणीच्या पलीकडं वेदगंगेच्या काठाला त्यांचं गाव. घरची शेती, ऊस आणि तंबाखू, त्यातलं निम्मं रान नदीच्या पल्याड.

"वैनी," ते मला म्हणाले, "काम असं पायजे की कुटं मोडलंतं ते कुणालाच घावायचं न्हाय."

"कुणालाच म्हणजे?"

"म्हणजे आक्काला."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, पद्माक्का. आई-वडील लवकर गेले. आक्कांनी लग्न केलं नाही, भावाला वाढवलं, रान सांभाळलं. पलीकडं जायला पूल लांब पडतो म्हणून ही नाव त्यांनी स्वतः घेतली आणि वल्हवायलाही स्वतःच शिकल्या. महापुरात याच नावेतून त्यांनी गल्लीतली माणसं, शेरडं आणि एका म्हातारीचं शिलाई मशीनसुद्धा बाहेर काढलं होतं. तेव्हापासून त्या नावेला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही असा घरचा कायदा. आक्का सम्मेद शिखरजीच्या यात्रेला निघाल्या तेव्हा भावाला दोन गोष्टी बजावून गेल्या. म्हशीचं औषध चुकवू नको, आणि नावेला हात लावू नको.

"मग? कोणी लावला हात?" मी विचारलं.

भरमाण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "जावयानं."

जावई अजून व्हायचा होता. मुलगी स्नेहल, तिचं लग्न ठरलेलं. मुलगा अभिनंदन, मूळ चिकोडीकडचा, बेंगळुरूला कॉम्प्युटरच्या नोकरीत. आजकाल लग्नाआधी फोटो काढतात तसे यांनाही काढायचे होते. नदी, मोरपंखी नाव, मुलीची केशरी साडी. फोटोवाला काठावर, त्याचा ड्रोन आभाळात. वरच्या ड्रोनलाही ऐकू जावं असा फोटोवाला ओरडला, "सर, समोर उभे राहा, हात पसरा!" अभिनंदन नाकाशी उभा राहिला आणि हात पसरले. नाव कलली, वळली आणि प्रवाहानं बंधाऱ्याच्या दगडी खांबावर जाऊन आदळली. गुडघाभर पाण्यात दोघं उतरून काठाला आली. फोटो मात्र सुरेख आला म्हणे.

"सांगून टाका की आक्कांना," हे म्हणाले. "दुरुस्त करून देतो आहोतच."

"अवो, तुमी आक्काला वळकत न्हाई. आदीच तिला ह्ये फोटोचं ख्यूळ पसंत न्हवतं. आमच्या चुलतभावाच्या लग्नात जेवणाच्या पंगतीवरनं वाद झाला, तर ती मांडवातनं उठून गेली, अजून त्येंच्या दारात पाय ठेवला न्हाई. पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकाय आक्का नसंल तर कसलं लगीन?" नावेवरचं उरलेलं वाडं त्यांनी उगाच झटकलं. "मला आई म्हटलं तर तीच हाय, वैनी."

 तोवर ह्यांनी भोकाच्या कडा घासायला सुरुवातही केली होती.

माझ्यापुढं मात्र दोन अडचणी होत्या. पहिली रंगाची. रीत अशी की आधी आसपासची म्हातारी कातडी रबिंग कंपाउंडनं घासायची, खडूची भुकटी निघते, खाली खरा रंग लागतो, आणि त्याला जुळवायचं. मी तसं सांगताच भरमाण्णांनी हात जोडले. "चकचकीत करू नगा. आक्का म्हणंल, नावंनं आंघूळ कवा केली?" म्हणजे मला राखेत लोळलेल्या मोरालाच जुळवायचं होतं. माझ्या सगळ्या शिकण्याच्या विरुद्ध. पण तेही एक आव्हानच. निळा, हिरवा, पांढरा, काळ्याचं नखभर टोक, आणि म्हातारपणाची पिवळट झाक यावी म्हणून मातकट पिवळा. कितीतरी ठिपके मी त्या नावेवर दिले आणि खरवडले. ह्यांनी येता-जाता प्रत्येक ठिपका "जुळलाय" म्हणून पास केला. एक तर जांभळा होता.

दुसरी अडचण मनाची. त्या नावेत बसून एक बाई पावसाळ्यात नदी ओलांडणार. तिच्या पायाखाली कुठं भोक पडलं होतं, हे तिला ठाऊक असू नये?

"माझं काम पक्कं आहे," हे जरा दुखावून म्हणाले. "बाकीच्या नावेपेक्षा तेवढाच भाग मजबूत असेल."

"असू दे. मला तुमच्या कामाची शंका नाही. पण जीव तिचा आहे."

शेवटी मी भरमाण्णांना फोन लावला. "अण्णा, बाहेरून असं झाकते की देवालाही सापडणार नाही. पण आतून झाकणार नाही. आतलं ठिगळ रंगाविना तसंच उघडं ठेवणार. आतलं पाणी उपसायला वाकलं की दिसेल."

पलीकडं म्हैस ओरडली. मग ते म्हणाले, "आत फळी आडवी टाकली तर?"

"अण्णा!"

"न्हाय, इच्यारलं आपलं."

बाहेरचा थर दिला, वर पारदर्शक प्लास्टिक दाबून बसवलं, कारण हवा लागली की जेलकोट वरून चिकटच राहतो. सुकल्यावर पॉलिश पेपरनं पाण्यात घासून लेव्हल केला, पण चकाकी आणली नाही. शेवटचा हात फिरवला आणि मलाच ठिगळ सापडेना. मी शेडमध्ये जाऊन चहा पिऊन आले, पुन्हा बघितलं, तरी सापडेना. आयुष्यात असे दिवस फार येत नाहीत. भरमाण्णा आले, नावेला प्रदक्षिणा घातली आणि चुकीच्या बाजूला बोट ठेवून म्हणाले, "हितंच हुतं न्हवं?" नाव पुन्हा वाड्याखाली गेली. काकतीच्या पुढं गेल्यावर त्यांनी फोन केला, मागच्या गाडीवाल्यानं विचारलं, वाडं कसं दिलं. म्हणजे वाड्याचंही काम चोख झालं होतं.

लग्न निपाणीला झालं. आम्हाला आमंत्रण होतं. मांडवात शिरताच भरमाण्णा धावत आले आणि पुटपुटले, "फायबरचं काढू नगा." तेवढ्यात मागून एक उंच, काटक, पिकल्या केसांच्या बाई आल्या. जरीचा काठ, पण पदर खोचलेला.

"ह्या कोण रं, भरमा?"

"ह्या... बेळगावच्या. टाकीवाल्या."

"टाकीवाल्या?" आक्कांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "आपली टाकी गळतीया व्हय?"

"न्हाई. म्हणजे, आता न्हाई गळत."

"मग बरं झालं," आक्का म्हणाल्या आणि माझ्या हातात लाडवांची पिशवी दिली. "आणि एक घ्या. टाकीचं काम अवघड असतंय."

मी हे सरळ धरलं. चांगल्या बाई आहेत, वाटलं. ह्यांनी तर त्यांना टाक्यांच्या जाडीवर बरंच काही समजावून सांगितलं, आणि त्यांनी ते तितक्याच गंभीरपणे ऐकून घेतलं. अक्षता पडल्या तेव्हा आक्का भाचीच्या शेजारी उभ्या होत्या. भरमाण्णांनी लांबूनच माझ्याकडं बघून हात जोडले.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण जावई गुणाचा निघाला.

पाचपरतावणाला दोघं गावी आली. अभिनंदनच्या मनाला ती नाव खात होती. आक्का आपल्याशी इतकं गोड बोलतात, पानात तूप वाढतात, आणि आपण त्यांची नाव फोडली. काहीतरी भरपाई करावी म्हणून आक्का रानात गेलेल्या बघून त्यानं आपल्या कारचं पॉलिश आणि ते घासायचं मशीन काढलं, आणि काठावर पालथी घातलेली नाव दुपारभर खपून चकाचक केली. सगळी भुकटी निघाली. आतला मोर झळाळून बाहेर आला. आणि मी राखेला जुळवलेलं ठिगळ राखेच्याच रंगाचं राहिलं.

भरमाण्णांनी फोटो पाठवला. मोरपंखी नावेच्या नाकावर राखाडी डाग, काठ वेडेवाकडे. खाली फक्त एवढंच लिहिलं होतं, "वैनी, उठला."

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. या वेळी वर वाडं नव्हतं. पुढं ड्रायव्हरशेजारी आक्का, मागं नावेला धरून मान खाली घातलेले भरमाण्णा आणि त्यांच्या शेजारी जावई. हमरस्त्यावरून सगळ्या जगानं ती वरात बघितली असणार.

आक्का खाली उतरल्या. "या, टाकीवाल्या बाई."

 हे माझ्या मागं सरकून म्हणाले, "काम पक्कं आहे, आक्का. रंगाचं काय ते हिला विचारा." संकटात नवऱ्यानं बायकोच्या मागं उभं राहावं म्हणतात, हे अक्षरशः राहिले.

भरमाण्णांनी टेम्पोतूनच बोलायला सुरुवात केली. "आक्का, चूक माजी. पोराला काय बोलू नगंस. मीच नाव सोडली, मीच..."

"साकु, साकु," आक्का म्हणाल्या. कन्नडमध्ये पुरे म्हणायला त्यांना एवढंच लागायचं. "मला काय आज कळलंय व्हय? शिखरजीवनं आले त्याच दिवशी नावंत बसले. पायाखाली ठिगळ. रंग न्हाई, काय न्हाई, उगडं बोडकं."

भरमाण्णा खाली उतरता उतरता तसेच थांबले. "त्याच दिवशी? मग बोलली का न्हाईस?"

"घरात लगीन. पोरीचं तोंड बघून गप्प बसले. मग म्हटलं, सांगंल आपला आपण. तू काय सांगंनास. रोज सकाळी नावंकडं बगून तुजा चेहरा असा व्हायचा, की चहासंगं तेवढीच करमणूक." मग त्या अभिनंदनकडं वळल्या. "आणि कोण उभारलतं त्ये मला फोटोतच दिसलं. भिंतीवर एवढा मोठा लावलाय की तुज्या सासऱ्यानं. हात पसरून."

खरंच, तो फोटो त्यांनी मोठा करून सोप्यात लावला होता. एवढी लपवाछपवी केली त्या माणसांनी, आणि पुरावा चौकटीत बसवून भिंतीवर टांगला.

अभिनंदन पुढं आला आणि वाकून आक्कांच्या पायाला हात लावला. "मी तेव्हाच सांगायला हवं होतं. भीती वाटली."

"भ्यायलाच पायजे. मी हायच तशी." पण त्यांचा हात त्याच्या डोक्यावर बराच वेळ होता.

मग त्या माझ्याजवळ आल्या. हसत नव्हत्या आता. "बाई, आतलं ठिगळ तुमी इसरला न्हवता. ठेवलं हुतं."

"हो."

 त्यानंतर आक्कांनी ह्यांना बोलावून आतून बाहेरून सगळं समजून घेतलं, मॅटचे किती थर, कडा कशा उतरत्या केल्या, पुराच्या पाण्यात ओंडका लागला तर काय. हे असे खुलले की मला त्यांचा हेवा वाटला. शेवटी स्वतः त्या ठिगळावर उभे राहून उड्या मारून दाखवल्या.

"मजबुतीचं पटलं," आक्का म्हणाल्या. "आता रंग. नाव अशी डागाळलेली मी पाण्यात घालायची न्हाई. रंग जुळवायचा, पण ह्येनं." बोट जावयावर. "बाईंनी फकस्त शिकवायचं."

इथं माझी खरी पंचाईत झाली, आणि ती कोणाला सांगितली नव्हती. मधल्या काळात माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. डाव्याचं पुढं बघू, असं डॉक्टर म्हणाले. पट्टी निघाली त्या दिवशी शेडसमोर एक पांढरी टाकी होती, मीच जुळवलेली, मला फार अभिमान होता तिचा. उजव्या डोळ्यानं बघितलं तर ठिगळ लांबूनच दिसत होतं, पिवळट. डाव्या डोळ्यानं बघितलं तर काहीच नाही. म्हणजे किती वर्षं मी पिवळ्या काचेतून रंग जुळवत होते कोण जाणे. आता एका डोळ्याला पांढरा निळसर, दुसऱ्याला ताकासारखा. आमच्या घरात दोघांचे मिळून चार डोळे, आणि रंगाला भरवशाचा जेमतेम एक. मी कामं थोडी थोडी नाकारायला लागले होते. ह्यांना कारण सांगितलं नव्हतं. कंटाळा आला म्हणत होते.

अभिनंदननं फोन काढला. त्यात रंग ओळखायचं काहीतरी होतं. नावेचा फोटो घेतला, आकडे आले. सावलीत वेगळे, उन्हात वेगळे, आणि ढग आला की तिसरेच. "मॅडम, नक्की कुठला धरायचा?"

"फोन खिशात ठेव. डोळा बारीक कर. नावेकडं सरळ बघू नको, लाजऱ्या मुलीकडं बघतात तसं बाजूनं बघ."

आक्का पायरीवर बसून शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "त्ये येतंय त्याला."

त्याचा पहिला रंग पोपटी झाला, दुसरा शाळेच्या फळ्यासारखा. बरणीत घाबरून घाबरून थेंब सोडायचा, मग एकदम धीर येऊन घळकन ओतायचा. तीच चूक मी पहिली कित्येक वर्षं केली होती. दुपारपर्यंत त्याच्या हाताला सबूर आली. मग मी स्वतः एक मिश्रण केलं, ठिपका दिला, सुकला. म्हटलं, "हा घे. झाला."

त्यानं बघितलं, वाकून पुन्हा बघितलं.

"काय?"

"नाही मॅडम, बरोबरच असेल."

"अरे, बोल की."

"थोडा पिवळा वाटतोय."

मी डावा डोळा झाकला. उजव्यानं बघितलं. पिवळा होता. उजवा झाकला, डाव्यानं बघितलं. तंतोतंत. त्या शेडच्या मध्यभागी मी कितीतरी वेळ असे आळीपाळीनं डोळे झाकत उभी होते. ह्यांनी बघितलं. एवढा वेळ बघितल्यावर त्यांना ते उमगलं असावं, कारण हातातलं काम टाकून ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "उजेड कमी आहे का गं?"

भर दुपारचं ऊन होतं. मी हसले, मग डोळ्यांतून पाणी आलं, पुन्हा हसले. आक्कांनी सोललेले मूठभर दाणे माझ्या तळहातावर ठेवले.

शेवटचा रंग अभिनंदनच्याच डोळ्यानं ठरला. मी सांगत होते काय घालायचं, तो सांगत होता कधी थांबायचं. तो ठिपका सुकला आणि नावेत विरून गेला. भरमाण्णा तर टाळ्या वाजवायला लागले. मी त्यांना सांगून ठेवलं, आज जुळलेला रंग कायमचा जुळून राहत नाही. जुनी कातडी आणि नवी कातडी ऊन वेगवेगळं खातात. दोन-चार पावसाळे गेले की बारीक नजरेला दिसेल. अभिनंदन म्हणाला, "मग मी येईन पुन्हा." आक्का म्हणाल्या, "'येईन' न्हवं, तुला यायलाच लागतंय."

आठवड्याभरानं सगळं सुकून, घासून, चकाकून तयार झालं आणि नाव पोचवायला आम्ही दोघंही गेलो. वेदगंगा संथ होती. पलीकडं उसाला तुरे आलेले. चौघांनी उचलून नाव पाण्यात सोडली. ओल्या अंगावर तो मोरपंखी असा उठला, की काठावर धुणं धुणाऱ्या बायकांनी हात थांबवले. ठिगळ कुठं होतं ते मी कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

आक्का नावेत बसल्या, वल्हं हातात घेतलं आणि मला म्हणाल्या, "या, बसा."

एक गोष्ट मी आयुष्यभर गिऱ्हाइकांपासून लपवली आहे. इतक्या नावा सांधल्या, रंगवल्या, पण पाण्यात असलेल्या नावेत मी कधी पाय ठेवलेला नाही. मला पोहता येत नाही आणि पाण्याची भीती वाटते.

"नको, आक्का. मी इथंच बरी."

"जा की," हे मागून म्हणाले. "काही होत नाही. मॅट मी घातलीय."

"म्हणून तर," मी म्हटलं. पण आक्कांनी हात पुढं केला होता आणि तो तसाच धरून ठेवला होता. मी चपला काढल्या, साडी खोचली आणि बसले. नाव माझ्याखाली जिवंत जनावरासारखी हलली. दोन्ही हातांनी दोन्हीकडच्या कडा मी घट्ट धरल्या. आक्कांनी एकदा वल्हं मारलं आणि काठ मागं सरकला. हे लहान लहान होत गेले. मधोमध आल्यावर पाण्याचा आवाज बदलला, जड झाला. मी डोळे मिटले.

"बाई," आक्का म्हणाल्या, "कडा सोडा की. नाव तुमच्याच घरात सांधलीया न्हवं?"

"हो."

"मग? आमी बसतोय ती तुमच्या भरवशावर, आणि तुमीच असं धरून बसल्यावर आमी काय समजायचं?"

 मी डोळे उघडले. चारही बाजूंना पाणी, आणि वल्हवणारी ती काटक बाई माझ्याकडं बघून हसत होती. मी एक हात सोडला. दुसऱ्याचं परतीच्या खेपेला बघू, म्हटलं.